कर्ण्यातली लावणी

गावात लग्न निघालं की स्पीकरवाला आदल्या दिवशीच सायकलला पेटी बांधून यायचा. लिंबाच्या फांदीला कर्णा चढला की आधी गणपतीचं गाणं, मग भक्तिगीतं, आणि म्हातारी माणसं पंगतीला बसली की हळूच सुलोचना चव्हाणांची लावणी.

कर्णा म्हणजे नुसता फुटका डबा. भल्याभल्या गायकांचा त्यातनं फक्त घोगरा सूर यायचा. सुलोचनाबाईंचा मात्र शब्द न शब्द पार मळ्यात, उसाला पाणी पाजणाऱ्या गड्याला लागायचा. असं का, ते फार उशिरा उमगलं.

त्या मूळच्या सुलोचना कदम, जन्म १९३३ चा, मुंबईत गिरगावातला. लहान वयातच हिंदी सिनेमात गायल्या. लावणीचा शब्द कसा टाकायचा, ते शिकवलं नवऱ्यानं, श्यामराव चव्हाणांनी. १९६२ साली ‘रंगल्या रात्री अशा’ आला. जगदीश खेबुडकरांचे शब्द, वसंत पवारांची चाल. त्यातली कोल्हापूरच्या मिरचीची लावणी गावोगाव पोचली. पुढं ‘सवाल माझा ऐका’, ‘मल्हारी मार्तंड’ आले. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं.

ठसका म्हणजे ओरडणं नव्हे. बाई अक्षराच्या तोंडावर नेमका घाव घालायच्या, मग स्वर मोकळा सोडायच्या. ओळीचं शेपूट लांबवायच्या न्हाईत. ढोलकीला जागा ठेवून कापायच्या. साधं ‘अहो’ घ्या. एकदा लाडिक, एकदा दटावणीचं, एकदा चिडवणारं. म्हणून तर कर्णा फुटका असला तरी गाणं फुटायचं न्हाई.

माझी आत्या नवऱ्यानं टाकलेली, आमच्याच घरी असायची. जात्यावर बसली की शेजारच्या बाया कामं टाकून ऐकत उभ्या ऱ्हायच्या. एकदा चुलीपुढं ती लावणी गुणगुणली, अन् आजोबांनी ओसरीवरनं आवाज दिला, “घरंदाज बाईचं तोंड हाय का ते?” त्या दिवसापासनं आत्या ओवीसुद्धा म्हणेना. पुढं गिरणी आली, जातंच बंद झालं.

मी नोकरीला लागल्यावर जिल्ह्याच्या गावी सुलोचनाबाईंचा कार्यक्रम लागला. आत्याला नेलं. ती नको-नको म्हणत होती. पडदा वर गेला. बाई माइकपुढं उभ्या. डोक्यावर पदर, दोन्ही खांद्यांवरनं घेतलेला. हात हलेना, पाय हलेना. सगळा नाच गळ्यात. आत्या कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी म्हणाली, “आरं, ही तर आपल्या घरातल्यावानीच हाय की रं!”

लहानपणी लावणी गुणगुणल्याबद्दल सुलोचनाबाईंनीही आईचा ओरडा खाल्ला होता, हे मी नंतर वाचलं. आत्याला सांगायचं राहून गेलं. २०२२ साली बाईंना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. तोवर आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या रात्री परतताना यष्टीत उजेड नव्हता. शेजारी बारीक आवाज आला. आत्या गात होती. शब्द चुकत होते, दम पुरत न्हव्हता. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं मान वळवून बघितलं. आत्यानं पदर नीट केला, पण गाणं थांबवलं न्हाई.