हौशी मोटार-शर्यतीतील इंधनटाकी : नियमांचा इतिहास आणि नाशिकची रॅली

१९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाने पेट्रोलच्या साठ्यावर परवान्याचे बंधन घातले. मात्र नोंदणीकृत मोटारीच्या टाकीतील इंधनास कलम ८ अन्वये सूट दिली. टाकीखेरीज आणखी १०० लिटरपर्यंतचे पेट्रोल वाहन चालविण्यासाठी बाळगण्यासही परवाना लागत नाही. टाकी कारखान्यातून आली तशीच आणि तेथेच असेल, हे या सवलतीमागील गृहीत दिसते. हौशी शर्यतपटू नेमके हेच गृहीत मोडतो.

शर्यतीचे नियम मात्र अपघातांतून घडले. ३० मे १९६४ रोजी इंडियानापोलिस येथे दुसऱ्याच फेरीत भडकलेल्या आगीत एडी सॅक्स व डेव्ह मॅक्डोनाल्ड हे चालक दगावले. १९६७ मध्ये मोनाको येथे लोरेन्झो बांदिनी होरपळला. पुढे लष्करी विमानविद्येतून आलेली रबरी पिशवीची टाकी शर्यतीत रुजली आणि १९७० मध्ये फॉर्म्युला वनमध्ये सक्तीची झाली. आघाताने ही पिशवी फाटण्याऐवजी दबते, आतील सच्छिद्र फेस इंधनाची उसळी रोखतो. तरीही १९७३ मध्ये झांडवूर्ट येथे उलटलेल्या जळत्या मोटारीत रॉजर विल्यमसन अडकून मरण पावला. एकट्या पिशवीने प्रश्न सुटत नव्हता.

२०१० च्या दशकाच्या आरंभी नाशिक परिसरात राष्ट्रीय मालिकेतील 'रॅली ऑफ महाराष्ट्र' भरली. रॅलीची मोटार दोन टप्प्यांमधील अंतर सार्वजनिक रस्त्यावरून कापते. त्यामुळे एकाच टाकीला देशाचा कायदा आणि क्रीडानियम असे दोन्ही लागू होतात. खडकाळ कच्च्या वाटेवर तळाची टाकी ठेचकाळते, म्हणून ती मागील सामानकक्षात हलविण्याचा मोह होतो. तसे केल्यास चालक-सहचालक आणि इंधन यांच्यात अभेद्य पडदा हवा, भरण्याचे तोंड व वायुनलिका बाहेर उघडणाऱ्या हव्यात आणि टाकी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या एफटी३ किंवा त्यावरील प्रतीची हवी. अशी टाकी हौशी स्पर्धकाला महाग पडते. सातपूर-अंबडमध्ये पत्रा वाकवून सांधणारे कसबी कारागीर मुबलक आहेत. परंतु त्यांचे कौशल्य कितीही असले तरी सांध्यावर उकलणारी पत्र्याची टाकी हा सर्वांत घातक पर्याय होय. त्यापेक्षा मूळ टाकी जागीच ठेवून खाली भक्कम संरक्षक पत्रा बसविणे स्वस्त आणि सुरक्षितही ठरते. उत्पादित मोटारींच्या वर्गात मूळ टाकी चालते.

रबर मात्र न वापरताही जुने होते. पिशवीची मुदत निर्मितीपासून पाच वर्षे. निर्मात्याने पुन्हा तपासून प्रमाणित केल्यास आणखी दोन. ती आवरणात बंद असल्याने तांत्रिक तपासनीसाला तिच्या स्थितीचा अंदाज बाहेरून येत नाही; म्हणून तो आधी छापलेली तारीख वाचतो.