ताप आणि दाब : लिव्हर मशीनचा मागोवा

घरच्या लिव्हर मशीनवर एस्प्रेसो करणाऱ्या बहुतेकांना एक अनुभव लवकरच येतो. पहिला कप उत्तम उतरतो, दुसराही चांगला होतो, तिसरा मात्र कडू आणि करपट निघतो. कॉफी तीच, दळण तेच, दांडा दाबणारा हातही तोच. मग बिघडले काय? याचे उत्तर मशीनच्या घडणीत आहे, आणि ती घडण समजून घ्यायला सुमारे 140 वर्षे मागे, इटलीतल्या तुरिन शहरापर्यंत जावे लागते.

एस्प्रेसोचा इतिहास अनेकदा शोधकांच्या नावांची यादी म्हणून सांगितला जातो. मला त्यात एकच मोठी धडपड दिसते : पाण्याचा ताप आणि पाण्याचा दाब यांची फारकत करण्याची. लिव्हर मशीनवर चांगली कॉफी काढायची असेल, तर ही फारकत कुठे झाली आणि कुठे अर्धवट राहिली, हे ठाऊक असायला हवे.

वाफेचे दिवस

आंजेलो मोरिओंदो हा तुरिनमधला हॉटेलमालक. गिऱ्हाइकांना कॉफीसाठी ताटकळावे लागू नये, ही त्याची गरज होती. 1884 च्या तुरिन प्रदर्शनात त्याने वाफेवर चालणारे कॉफीचे यंत्र मांडले आणि त्याच वर्षी त्याचे पेटंट घेतले. त्याच्या यंत्रातून एका वेळी बरीच कॉफी निघे. माणसागणिक वेगळा कप काढण्याची कल्पना त्यात नव्हती. त्याने हे यंत्र बाजारात आणलेच नाही. स्वतःच्या दुकानांपुरतेच ते राहिले, आणि त्याचे नावही पुढे कितीतरी वर्षे विस्मरणात गेले.

कपागणिक कॉफीची कल्पना मिलानच्या लुईजी बेझेराची. 1901 च्या त्याच्या पेटंटात एक उभा बॉयलर आहे आणि त्याला तोंडे काढलेली आहेत. प्रत्येक तोंडाखाली मूठ असलेली, काढता-घालता येणारी गाळणी बसते. गाळणीत एका माणसापुरती पूड भरायची, ती तोंडाला अडकवायची, वरून गरम पाणी सोडायचे आणि कॉफी थेट कपात घ्यायची. आजच्या कुठल्याही एस्प्रेसो मशीनचा पोर्टाफिल्टर हा या गाळणीचाच थेट वारस आहे. बेझेराचे हक्क देझिदेरियो पावोनीने घेतले, 1905 मध्ये मिलानला ‘ला पावोनी’ ही कंपनी काढली आणि ‘इदेआले’ नावाचे मशीन बाजारात आणले. तुरिनमध्ये पिएर तेरेसिओ आर्दुइनोची ‘व्हिक्टोरिया आर्दुइनो’ही त्याच सुमारास उभी राहिली. तिच्यासाठी लिओनेत्तो कापिएल्लोने 1922 मध्ये केलेले पोस्टर प्रसिद्ध आहे. आगगाडीच्या दारातून बाहेर झुकलेला प्रवासी कॉफीचा कप भरून घेतो आहे, असे ते चित्र. कॉफी झटपट मिळते, हीच त्या काळी विक्रीची बाजू होती.

चवीची बाजू मात्र लंगडी होती. या यंत्रांत पाण्याला ढकलण्याचे काम वाफ करी, आणि वाफेला स्वतःचा एक नियम असतो. तो आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरमध्ये रोज दिसतो. झाकण बंद झाले की दाब वाढतो आणि त्याच्याबरोबर तापमानही चढते. एक वाढवून दुसरे जागच्या जागी ठेवता येत नाही. जुन्या यंत्रांचा दाब साधारण दीड बारच्या आसपास असे. तेवढ्यासाठीच बॉयलरमधले पाणी 127 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. आज एस्प्रेसोसाठी प्रमाण मानला जाणारा 9 बारचा दाब वाफेकडून हवा असता, तर बॉयलर 180 अंशांपर्यंत तापवावा लागला असता. कॉफीला मानवते ते 90 ते 95 अंशांचे पाणी. म्हणजे दाब वाढवावा तर कॉफी जळणार आणि ताप आवरावा तर दाब पडणार. त्या काळची ‘एस्प्रेसो’ म्हणूनच काळी, पातळ आणि करपट वासाची असे. तिच्यावर आजचा सोनेरी फेस नव्हता.

स्प्रिंगने काडीमोड केला

या कोंडीतून बाहेर पडण्याचे प्रयत्न 1930 च्या दशकात सुरू झाले. त्रिएस्तच्या फ्रान्चेस्को इल्लीने 1935 मध्ये ‘इलेत्ता’ नावाच्या यंत्रात वाफेऐवजी दाबलेली हवा वापरली. मिलानमध्ये मार्को क्रेमोनेझेने पिस्टनची वाट धरली. त्याच्या मृत्यूनंतर त्याच शहरात बार चालवणाऱ्या अकिल्ले गाज्जाने ती कल्पना पुढे नेली आणि 1938 मध्ये स्वतःचे पेटंट नोंदवले. या रचनेत स्क्रूसारखा पिस्टन फिरवून पाणी कॉफीतून रेटले जाई. वाफ कॉफीपर्यंत पोचतच नव्हती. पण गर्दीच्या वेळी दर कपाला दांडा गरागरा फिरवत बसणे अवघड होते. मग महायुद्ध आले आणि काम थांबले.

खरी उडी 1947 ची. गाज्जाने पिस्टनवर जाड स्प्रिंग बसवली आणि तिला लांब दांडा जोडला. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाते, पिस्टन वर जातो आणि त्याच्या खालच्या पोकळीत गरम पाणी येते. दांडा सोडला की स्प्रिंग सैल होऊ लागते आणि ते पाणी 8 ते 10 बारच्या दाबाने पुडीतून जाते. बॉयलरकडे फक्त पाणी तापवण्याचे आणि ते पोकळीत पोचवण्याचे काम उरले. रेटण्याचे काम स्प्रिंगने घेतले आणि स्प्रिंगला ताकद दिली माणसाच्या हाताने. ताप आणि दाब आता वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ लागले.

यातून तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही आजवर टिकल्या. पहिली म्हणजे क्रेमा. जास्त दाबाखाली पाण्यात विरघळलेला कॉफीतला कार्बन डायऑक्साइड कपात येताना सुटतो आणि कॉफीच्या तेलांबरोबर त्याचा दाट, बदामी फेस होतो. सुरुवातीला गिऱ्हाइकांना हे काय तरंगते आहे, असा संशय आला. गाज्जाने तो फेस लपवला नाही; कॉफीची नैसर्गिक साय म्हणून त्याचीच जाहिरात केली. दुसरी गोष्ट कपाच्या मापाची. पिस्टनखालच्या पोकळीत मावेल तेवढेच पाणी मिळणार, त्यामुळे एस्प्रेसो सुमारे 30 मिलिलिटरची झाली. तिसरी गोष्ट कमी बोलली जाते. स्प्रिंग जसजशी मोकळी होते तसतसा तिचा जोर ओसरतो, म्हणून शॉटच्या अखेरीस दाब बराच उतरलेला असतो. तोवर पूड झिजून सैल झालेली असते आणि तिला कमी दाबच सोसतो. आज महागड्या मशीनमध्ये हा उतरता दाब इलेक्ट्रॉनिक्सने मुद्दाम साधतात. गाज्जाच्या स्प्रिंगकडून तो आपसूक मिळत होता.

दांडा घरी आला

गाज्जा आणि त्याच्याबरोबर काम केलेला फाएमा कंपनीचा एर्नेस्तो व्हालेन्ते यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. 1961 मध्ये फाएमाने ‘ई-61’ आणले. नावातला ई त्या वर्षीच्या सूर्यग्रहणाचा, म्हणजे ‘एक्लिप्स’चा. या मशीनमध्ये विजेचा पंप सतत 9 बारचा दाब देत होता. दिवसभर दांडे ओढून थकणाऱ्या माणसाची सुटका झाली आणि बारमधून दांडा हळूहळू मागे पडला.

त्याच 1961 मध्ये ला पावोनीने घरासाठी ‘युरोपिक्कोला’ काढले. ज्या वर्षी पंपाने बारमधले हाताचे काम घेतले, त्याच वर्षी दांड्याला घरात जागा मिळाली. 1973 च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’ या चित्रपटात जेम्स बाँड आपल्या घरी हेच मशीन चालवताना दिसतो. 1967 मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑलिम्पिया कंपनीची ‘क्रेमिना’ आली, तर 1974 मध्ये मोठ्या बॉयलरचे आणि प्रेशर गेज असलेले ला पावोनी ‘प्रोफेशनल’ आले.

युरोपिक्कोलामध्ये स्प्रिंग नाही. दांडा वर उचलला की पाणी येते, खाली दाबला की ते पुडीतून जाते, आणि दाब सर्वस्वी हाताचा. पण आकार आणि किंमत आटोक्यात ठेवताना एक जुने दुखणे परत आले. ग्रुप हेड, म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे अडकवतात तो पितळी भाग, थेट बॉयलरला बोल्टने जोडलेला आहे. बॉयलर 0.7 ते 0.8 बारवर चालतो, म्हणजे आतले पाणी 115 ते 117 अंशांवर असते. ते ग्रुपच्या थंड पितळेला लागून निवते आणि कॉफीपर्यंत पोचेस्तोवर योग्य तापमानाला येते. दोन कप झाले की पितळ स्वतःच तापते, पाणी निववणारे काही उरत नाही आणि कॉफी करपते. तिसऱ्या कपाचा दोष तो हाच. दाब वेगळा झाला, ताप मात्र बॉयलरलाच बांधलेला राहिला.

आपल्याकडे या वंशाची दुसरीच शाखा रुजली. लग्नाच्या मांडवात ‘एस्प्रेसो’ म्हणून मिळणारी कॉफी म्हणजे इन्स्टंट कॉफी आणि वाफेच्या नळीने फेसाळलेले दूध, वर चॉकलेट पावडर. त्यात पूड नाही, पिस्टन नाही. वाफ तेवढी आहे. गाज्जाच्या आधीचे युग आपल्या मांडवांत अजून नांदते आहे. दुसरा धागा उलट दिशेचा आहे. कर्नाटकातल्या डोंगरांत पिकणारा रोबस्टा दाटपणा आणि क्रेमासाठी इटलीतल्या एस्प्रेसो मिश्रणांत वापरला जातो, आणि इटली हा भारतीय कॉफीचा मोठा ग्राहक आहे. आता चिकमगळूर आणि कोडगूची ताजी भाजलेली कॉफी पुण्या-मुंबईतही सहज मिळते, त्यामुळे घरी लिव्हर मशीन घेणाऱ्याला कच्च्या मालाची अडचण उरलेली नाही.

हातात काय असावे

मशीन चालू केल्यावर प्रेशर गेजचा काटा वर चढला, तरी लगेच हुरळू नये. बॉयलरमध्ये अडकलेली हवाही दाब दाखवते. वाफेची नळी क्षणभर उघडून ती हवा काढून टाकावी, मग खरा दाब चढू द्यावा. बॉयलर गरम असताना वरचे झाकण कधीही उघडू नये. पाणी भरायचे तर मशीन बंद करून, वाफ सोडून, निवू द्यावे.

दोन माणसांच्या शॉटसाठी 14 ते 16 ग्रॅम पूड पुरते. दळण बारीक हवे. दांडा सहज खाली जात असेल तर दळण जाड आहे, आणि पूर्ण भार देऊनही थेंब पडत नसेल तर फार बारीक आहे. दांडा सावकाश वर उचलावा आणि 5 ते 10 सेकंद तिथेच धरावा, म्हणजे पूड सगळीकडून सारखी भिजते. पहिले थेंब दिसले की दाबायला सुरुवात करावी. 49 मिलिमीटर व्यासाच्या पुडीवर 9 बार म्हणजे सुमारे 170 किलोंचा भार. तो एका हाताने देता येतो, हीच तरफेची किमया. तरी मनगटावर अवलंबून राहू नये. खांदा आणि शरीराचा भार वापरावा. सुरुवातीला ठाम जोर द्यावा आणि अखेरीस तो हलका करावा, कारण स्प्रिंगने दाखवलेला उतार इथे हातानेच घडवायचा असतो. 25 ते 30 सेकंदांत 28 ते 32 ग्रॅम कॉफी उतरली की थांबावे. पोर्टाफिल्टर लगेच काढू नये. आत उरलेला दाब गरम पूड अंगावर उडवतो.

तिसऱ्या कपाआधी मशीन बंद करून ग्रुपला ओले फडके गुंडाळावे किंवा पोर्टाफिल्टर गार पाण्यात बुडवून घ्यावा. अनेकजण ग्रुपवर तापमान दाखवणारी पट्टी चिकटवतात. ती फार उपयोगी पडते. बोअरवेलचे पाणी वापरू नये, त्यातले क्षार बॉयलरमध्ये साचतात. मुंबईला पुरवले जाणारे तलावांचे मऊ पाणी त्या मानाने बरे.

या शतकात मागोव्याला आणखी एक टप्पा जुळला. ब्रिटनचे ‘रॉक’, कॅलिफोर्नियाचे ‘फ्लेअर’, कॅफेलॅट कंपनीचे ‘रोबोट’ या यंत्रांत बॉयलरच नाही. पाणी किटलीत तापवायचे, वरून ओतायचे आणि दांड्याने दाब द्यायचा. ताप चुलीचा, दाब हाताचा. फारकत पूर्ण झाली. इथे अडचण उलट होते. थंड धातू पाण्याची उष्णता ओढून घेतो, म्हणून हलक्या भाजणीच्या कॉफीसाठी भांडे आधी गरम करून घ्यावे लागते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला एवढाच. पैशाचा मोठा वाटा आधी ग्राइंडरवर खर्च करा, कारण दळण एकसारखे नसेल तर कुठलाही दांडा कॉफी वाचवू शकत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला : आज दळण, उद्या पुडीचे वजन, परवा तापमान. आणि कुणाकडे जुने युरोपिक्कोला धूळ खात पडले असेल, तर ते भंगारात देऊ नका. त्याचे वॉशर आणि गॅस्केट आजही मिळतात, घरच्या पान्यांनी बसवताही येतात, आणि इटलीची वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची असल्याने ट्रान्सफॉर्मरही लागत नाही.