छत्तीस गुण जुळूनही : अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक शिरस्ता होता. शोध सांगण्यापूर्वी तो लावणाऱ्याला कोणता प्रश्न छळत होता, ते ते सांगत. त्याच शिरस्त्याने मी आज अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाचा इतिहास आपणांपुढे ठेवीत आहे. प्रश्न वरकरणी साधा आहे : एकाची मज्जा दुसऱ्याच्या देहात केव्हा नांदते आणि केव्हा नांदत नाही?

आपले रक्त हाडांच्या पोकळीतील मज्जेत, तेथील मूलपेशींपासून तयार होते. रक्ताच्या कर्करोगात ही रोगट मज्जा किरणांनी व औषधांनी नष्ट करावी आणि निरोगी माणसाची मज्जा शिरेवाटे द्यावी, अशी मूळ कल्पना. 1957 साली अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी अशा सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. पुढील दहा वर्षांत जगभर दोनशेच्या आसपास रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि त्याचा हिशेब इतका निराशाजनक निघाला, की बहुतेकांनी हा मार्गच सोडला. थॉमस मात्र प्रयोगशाळेतील कुत्र्यांकडे वळले. त्यांची ही चिकाटी मला त्यांच्या पुढल्या नोबेल पारितोषिकापेक्षा मोठी वाटते.

अडचण दुहेरी होती. रुग्णाचा देह परकी मज्जा नाकारी, हे अपेक्षितच होते. पण मज्जेबरोबर दात्याच्या लढाऊ पांढऱ्या पेशीही येत आणि त्या रुग्णाची त्वचा, आतडी व यकृत यांवर तुटून पडत. पाहुण्याने यजमानाच्या घरावरच चाल करावी, तसा हा प्रकार. या पेशी आपले आणि परके ओळखतात तरी कशावरून?

उत्तराचा धागा सापडला तो पांढऱ्या पेशींवरील खुणांत. 1958 साली पॅरिसमध्ये झां दोसे यांनी अशी पहिली खूण वर्णिली. त्याच वर्षी हॉलंडात यॉन व्हान रोड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना आढळले, की अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात अशा खुणांविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. गर्भातील मुलाने पित्याकडून घेतलेल्या खुणा मातेच्या देहाला परक्या वाटतात. त्यांची ती आठवण. पुढे दीर्घकाळ ऊतींची जुळणी तपासण्याचे साधन म्हणजे अशा मातांचे रक्तजलच होते. या शास्त्राच्या इतिहासात त्यांची नावे कोठेही नाहीत, हे येथे नमूद करावेसे वाटते.

या खुणांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकत्र वसलेली आहेत, त्यांना एच. एल. ए. म्हणतात. प्रत्येक अपत्यास मातेकडून एक आणि पित्याकडून एक असे संच मिळतात. म्हणून सख्ख्या भावंडांत दोन्ही संच जुळण्याचा संभव चारांत एक. 1968 साली मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्तीच जन्मतः नसलेल्या एका तान्ह्या मुलास त्याच्या बहिणीची मज्जा दिली आणि तो वाचला. आपल्याकडे 1983 साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले असे प्रत्यारोपण केले. त्यांनी ही विद्या सिएटल येथे थॉमस यांच्याकडेच घेतली होती.

परंतु पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हणून संसार सुखाचा होतोच असे नाही. 1977 साली थॉमस यांच्या चमूने 100 रुग्णांचा वृत्तांत दिला. सर्वांना पूर्ण जुळणाऱ्या भावंडाची मज्जा मिळाली होती. रोगमुक्त स्थितीत जगले 13. पुष्कळांचा रोग फार पुढे गेलेला होता, हे खरे. तथापि कित्येकांना दात्याच्या पेशींनीच छळले, ते का? 1976 साली लायडन येथे एल्स गुल्मी यांनी एका स्त्रीचे उदाहरण मांडले होते. तिने पूर्ण जुळणाऱ्या सख्ख्या भावाची मज्जा नाकारली, कारण तिच्या पेशींना पुरुषाच्या वाय गुणसूत्रातून येणारी खूण परकी वाटली. म्हणजे मोठ्या खुणांआड लहान खुणाही असतात.

त्यानंतर अशी जनुके एकामागून एक पुढे आली. 2002 साली इटलीतील पेरुजा येथील संशोधकांनी दाखविले, की नैसर्गिक मारक पेशींच्या बाबतीत ठरावीक प्रकारची विजोडता उपकारक ठरू शकते : काही रक्तकर्करोगांत रोग उलटण्याचे प्रमाण घटते. 2004 साली जर्मनीत नॉड-2 या जनुकाचे काही भेद मृत्यूचा धोका वाढवितात, असे दिसले. नंतरच्या अभ्यासांत मात्र ते सर्वत्र टिकले नाही. बर्लिनमध्ये 2007 साली एका एच. आय. व्ही. बाधित रुग्णासाठी मुद्दाम असा दाता निवडला, की ज्याच्या सी. सी. आर.-5 जनुकातील भेदामुळे तो विषाणू पेशीत शिरू शकत नव्हता. रुग्ण त्या विषाणूतून मुक्त झाला. एक लहानसा भेद येथे औषधच झाला.

ज्यास भावंड नाही, त्याने काय करावे? लंडनमध्ये 1974 साली शर्ली नोलन यांनी आपल्या मुलासाठी दात्यांची नोंदवही सुरू केली. 1979 साली अँथनी दाता न मिळताच वारला, नोंदवही राहिली. पण नोंदवही ज्यांची, जुळणी त्यांची. अमेरिकेतील नोंदींवरून 2014 साली काढलेल्या अंदाजानुसार युरोपीय वंशाच्या रुग्णास पूर्ण जुळणारा दाता मिळण्याचा संभव सुमारे 75 टक्के, तर दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णास सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकाच. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विवाह जातीतल्या जातीत झाल्यामुळे हे संच समाजासमाजांत निरनिराळे वाटले गेले आहेत. आपल्या बेळगावच्या एखाद्या मुलाचा जोडीदार आपल्याच लोकांत असण्याचा संभव अधिक. पण नाव नोंदविलेलेच नसेल तर तो सापडावा कसा?

अलीकडे बाल्टिमोर येथील चिकित्सकांनी, मज्जा दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देऊन अर्ध्या जुळणीचे प्रत्यारोपणही साध्य केले आहे. त्यामुळे आई, वडील अथवा मूलही दाता होऊ शकते. मात्र रुग्ण माता असेल आणि दाता तिचे मूल, तर आधी तिचे रक्त तपासावे लागते : त्या मुलाच्या पित्याकडून आलेल्या खुणांविरुद्धची प्रतिद्रव्ये तिच्यात वर्षानुवर्षे टिकून असू शकतात आणि ती मुलाची मज्जा रुजू देत नाहीत.