मासेमारीचे गळ आणि रीळ गंजू नयेत म्हणून काय करावे?

छत्रपती संभाजीनगरहून साधारण ५० किलोमीटरवर पैठणला गोदावरीवर जायकवाडी धरण आहे. त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर. इथले पाणी गोडे, हवा वर्षातले बरेच महिने कोरडी. त्यामुळे गंज ही कोकणातल्या मासेमाराची अडचण, आपली नाही, असा समज होतो. तरी पावसाळा संपल्यावर डबा उघडला की गळ तांबूस झालेले दिसतात. असा गळ नेमका मोठा मासा लागल्यावर तुटतो. मासा जातो आणि गळाचा तुकडा त्याच्या तोंडात राहतो.

गंज कसा चढतो?

लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र मिळाले की गंज तयार होतो. मीठ असेल तर वेग वाढतो. बहुतेक गळ जास्त कार्बन असलेल्या पोलादाचे असतात. ते कडक असते, टोक धारदार राहते, पण गंजतेही लवकर. म्हणून त्यावर कथील किंवा निकेलचा मुलामा किंवा लाखेसारखा थर देतात. कथील किंवा निकेलच्या मुलाम्यावर ओरखडा पडला, तर उघडे पडलेले लोखंड त्या जागी अधिक वेगाने गंजते. जस्ताचे उलट असते. जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते.

गोड्या पाण्यात गंज हळू चढतो, पण ओला गळ बंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवला की ओल आत कोंडते. बाहेर कितीही ऊन असले तरी डब्यात पावसाळाच असतो. हरणे, अलिबागकडे वापरलेले सामान न धुता घरी आणले तर अधिक नुकसान होते. मीठ हवेतली ओल ओढून घेत राहते.

चढलेला गंज कसा काढावा?

१. आधी निवड करा. पृष्ठभागावर नुसती तांबूस झाक असेल तर गळ वाचतो. खड्डे पडले असतील, टोक किंवा उलटा काटा झिजला असेल, तर तो टाकून द्या.

२. जुन्या टूथब्रशला थोडे तेल लावून घासा. हलका गंज एवढ्यानेच निघतो. खरखरीत पॉलिश पेपर टाळा, त्याने उरलेला मुलामाही जातो.

३. गंज निघाला नाही तर गळ पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात १५ ते २० मिनिटे ठेवा. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळतात तसेच इथेही आम्लच काम करते. मात्र रात्रभर ठेवू नका. आम्लाच्या क्रियेत निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून ते ठिसूळ करू शकतो. गळ चकचकीत दिसतो, पण ताण आला की तुटतो.

४. बाहेर काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्याने धुवा, लगेच पुसा आणि तेलाचा पातळ हात द्या.

५. टोक नखावर अलगद टेकवून सरकवा. अडकले तर धार आहे, घसरले तर बारीक कानसेने धार लावा.

रीळ व्हिनेगरमध्ये बुडवू नये. त्यात ॲल्युमिनियम, पितळ आणि बेअरिंग असतात. ओलसर फडक्याने पुसून, वाळवून फिरत्या भागांना तेल आणि दातेरी चाकांना ग्रीस लावावे. तेल दोरीला लागू देऊ नये.

गंज चढूच नये म्हणून

घरी आल्यावर सामान गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. तोवर डबा उघडा ठेवा. वापरलेला गळ कोऱ्या गळांत परत टाकू नका, त्यासाठी वेगळी डबी ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या अधूनमधून बदला. शिशाची वजने गंजत नाहीत, पण शिसे विषारी असते. वजन दाताने दाबू नका, हाताळल्यावर हात धुवा.

दोन खबरदाऱ्या

गंजलेला गळ बोटात रुतला तर धनुर्वाताची भीती असते. हा आजार गंजामुळे होत नाही. मातीत, शेणात असणारे जंतू जखमेत गेल्याने होतो. म्हणून नव्या गळानेही खोल जखम झाली तर ती साबण-पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवून इंजेक्शनबद्दल विचारा.

टाकाऊ गळ काठावर फेकू नका. नाथसागर परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, काठावर गुरेही चरतात. गळ चिकटपट्टीत गुंडाळून बंद डबीत भरा आणि भंगारात द्या.