सातची पाळी आणि शंभर जोडण्या

चाकणच्या एका कारखान्यात मी हजेरीचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. सकाळी सातच्या आधी कंपनीच्या बसेस एकदम रिकाम्या व्हायच्या आणि पाच मिनिटांत शेकडो कार्डं मशीनला टेकायची. एके दिवशी स्क्रीनच अडकली. लॉगमध्ये एकच तक्रार होती : क्लायंट फार झालेत. गेटवर रांग लागली, आणि रांगेतल्या कंत्राटी पोरांना लेट मार्क. असे तीन झाले की अर्ध्या दिवसाचा पगार जायचा.

आमचं ॲप जँगोवर होतं, डेटाबेस पोस्टग्रेस. दर विनंतीला नवी जोडणी उघडायची, काम झालं की बंद. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस उभी करतो आणि मूळ मर्यादा १००ची. मी ती ५०० केली. दुसऱ्या सकाळी अख्खा सर्व्हरच गुदमरला.

मग वाचायला बसलो. प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा जुना निघाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने १९०९ पासून हेच गणित मांडलं होतं : किती ग्राहकांना किती लाइन पुरतात? सगळे एकाच क्षणी बोलत नाहीत, म्हणून थोड्या लाइन वाटून घेता येतात. माझे आजोबा पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. गावी ट्रंक कॉल लावायचा तर नंबर बुक करून ते ताटकळत बसायचे. तेही याच गणितात बसले होते.

वेबने हा धडा नव्याने गिरवला. सुरुवातीच्या वेब प्रोग्रॅममध्ये प्रत्येक विनंती स्वतःची जोडणी घेऊन यायची. नव्वदीच्या अखेरीस जावाच्या जेडीबीसी २.० ने ‘पूल’ प्रमाणात आणला : जोडण्या उघड्याच ठेवायच्या, वापरून परत करायच्या. २००७ मध्ये स्काइपमधून पीजीबाउन्सर आलं, २००८ मध्ये रेल्स २.२ मध्ये पूल आला. जँगोने २०१३ मध्ये जोडणी काही काळ जिवंत ठेवायची सोय दिली. पोस्टग्रेससाठी स्वतःचा पूल मात्र २०२४ मध्ये, ५.१ आवृत्तीत.

मी मध्ये पीजीबाउन्सर बसवलं. खऱ्या जोडण्या फक्त २०. बाकीच्या विनंत्या काही मिलिसेकंद थांबतात. गेटवर कुणाला कळतही नाही.

लॉग घेऊन मी एचआरकडे गेलो. त्या दोन दिवसांचे लेट मार्क पुसले गेले. पण काही पोरांचं कंत्राट तोवर संपलं होतं. त्यांचा अर्धा दिवस परत द्यायला कुणाकडे खातंच उरलं नव्हतं.