एच.पी.व्ही. लसीकरण आणि संमतीचा प्रश्न : भारतीय अनुभवाचा ऐतिहासिक आढावा (२००८ ते २०२४)

प्रस्तावना

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले व जवळजवळ ८० हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. या रोगामागे मानवी पॅपिलोमा विषाणू (एच.पी.व्ही.) असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिबंधक लस २००६ मध्ये अमेरिकेत व २००८ मध्ये भारतात मान्य झाली.

विषाणूचा संसर्ग मुख्यतः लैंगिक संबंधांतून होतो. त्यामुळे ही लस संसर्गापूर्वी, म्हणजे ९ ते १४ वर्षे या वयात, सर्वाधिक परिणामकारक ठरते. रोग प्रौढपणी होणार आणि लस बालपणी द्यावयाची, अशा स्थितीत मुलीच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो. हा निर्णय कोणी व कोणत्या माहितीच्या आधारे घ्यावा, या प्रश्नाभोवतीच भारतातील या लसीचा इतिहास घडला आहे.

खम्मम व वडोदरा येथील प्रकल्प

२००९ मध्ये पाथ या अमेरिकी संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राज्य शासनांच्या सहकार्याने तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत पथदर्शी प्रकल्प सुरू केला. १० ते १४ वयोगटातील सुमारे २४ हजार मुलींना लस देण्यात आली. त्यांपैकी अनेक मुली आदिवासी व गरीब कुटुंबांतील होत्या. खम्मममधील बऱ्याच मुली वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. पुढे सात मुलींच्या मृत्यूची वृत्ते आली, स्त्री संघटनांनी आवाज उठवला आणि एप्रिल २०१० मध्ये केंद्र शासनाने प्रकल्प स्थगित केला.

शासनाने नेमलेल्या चौकशी समितीला या मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे आढळले नाही. संमतीच्या प्रक्रियेतील उणिवा मात्र समोर आल्या. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले. आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठ्याचे ठसे होते, तर २,७६३ संमतिपत्रांवर वसतिगृह अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. आई-वडील हयात असताना त्यांना न विचारता घेतलेली ही संमती होती. लसीच्या शास्त्रीय गुणावगुणांची चर्चा त्यामुळे मागे पडली. ‘लस सुरक्षित आहे काय?’ आणि ‘आम्हाला विचारले होते काय?’ हे दोन भिन्न प्रश्न जनमानसात एकरूप झाले.

स्थगितीचा अनपेक्षित परिणाम

याच काळात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा एक स्वतंत्र अभ्यास भारतात सुरू होता. दोन मात्रा व तीन मात्रा यांची तुलना करणे हा त्याचा हेतू होता. बार्शी व पुणे ही त्यांतील केंद्रे होती. २०१० च्या स्थगितीमुळे तेथेही लसीकरण थांबले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा चालू ठेवला. एका मात्रेनेही १६ व १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यास या पुराव्याचाही आधार होता.

तपासणीचा पर्याय

लसीऐवजी प्रौढ स्त्रियांची तपासणी करावी, असा युक्तिवाद केला जातो. त्यास मराठवाड्यातील पुरावा उपलब्ध आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकवेळच्या एच.पी.व्ही. चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची अशी तपासणी कधीतरी झालेली होती. तपासणी आवश्यक असली तरी तिच्या भरवशावर लस नाकारणे या आकडेवारीपुढे टिकत नाही. उलट, इंग्लंडमधील २०२१ च्या अभ्यासानुसार १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या गटात या कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटले.

सिक्कीमचा अनुभव

२०१८ मध्ये सिक्कीम शासनाने ९ ते १३ वर्षांच्या सुमारे २५ हजार मुलींसाठी मोहीम राबविली. तत्पूर्वी शिक्षक, पालक व पत्रकार यांच्याशी संवाद साधला गेला. परिणामी सुमारे ९७ टक्के मुलींनी लस घेतली. खम्ममप्रमाणेच येथेही शाळा हेच माध्यम होते. परंतु येथे शाळेने पालकांची जागा घेतली नाही, तर त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचविली. पुढे पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही स्वदेशी लस २०२२ मध्ये मान्य झाली आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणास प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली.

निष्कर्ष

मुलींना ही लस द्यावी काय, या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर आज होकारार्थी आहे. तथापि, योग्य उत्तरही चुकीच्या मार्गाने लादले गेल्यास ते समाजाला स्वीकारार्ह वाटत नाही, हे २००९-१० च्या घटनाक्रमाने दाखविले. अधीक्षकाच्या सहीने काही दिवसांचे काम वाचले असेल, परंतु त्यापायी गमावलेला विश्वास पुन्हा मिळविण्यास अनेक वर्षे गेली. त्या वर्षांत लसीच्या वयातून पुढे गेलेल्या मुलींना ती विनामूल्य मिळण्याची संधी बहुतांशी राहिली नाही. ज्या गरीब घरांतील मुलींच्या नावे हा वाद झाला, त्यांनाच विलंबाची झळ सर्वाधिक बसली. म्हणून पालकांची माहितीपूर्ण संमती हा लसीकरणाचाच भाग मानला गेला पाहिजे.