पाकीट फेकल्यावर

परवा जुन्या सीड्या चाळताना फेचमेलची १९९९ सालची कॉन्फिग फाईल सापडली. शेवटची ओळ वाचून जरा चरकलोच. ते नंतर सांगतो.

तेव्हा पुण्यातल्या आमच्या ऑफिसात साहेबांसकट नऊ माणसं आणि फोनची लाईन एक. आमच्या डोमेनवर येणारी सगळी मेल होस्टिंगवाल्याकडे एकाच पेटीत पडायची. आमचा लिनक्सचा डबा दर तासाला मोडेमने फोन लावायचा, फेचमेल ती पेटी रिकामी करायचं आणि ज्याची त्याला वाटायचं.

कार्ल हॅरिसचा 'पॉपक्लायंट' एरिक रेमंडने १९९६ मध्ये हाती घेतला, त्याचंच पुढे फेचमेल झालं. त्याचा १९९७ चा 'द कथीड्रल अँड द बझार' हा गाजलेला निबंध ह्याच अनुभवावर आहे. त्यात गडी चक्क कबूल करतो, की एका पेटीतली मेल अनेकांना वाटायची सोय त्याने मुख्यतः बाकीच्या कोडमधले बग बाहेर पडावेत म्हणून घातली! आम्ही मात्र तिच्यावरच ऑफिस चालवत होतो.

खरी गोम १९८२ मधली. जॉन पोस्टेलच्या एसएमटीपीत पाकीट वेगळं, आतलं पत्र वेगळं. मेल पोचते ती पाकिटावरच्या पत्त्यावर, आतल्या 'टू'शी तिला कर्तव्य नाही. सामायिक पेटीत टाकताना बरेच सर्व्हर हे पाकीट फेकून देत. (क्यूमेल 'डिलिव्हर्ड-टू' अशी ओळ तरी लिहून ठेवायचं.) मग फेचमेल बिचारं पत्राचा मायना वाचून अंदाज बांधणार. मेलिंग लिस्टच्या पत्रात मायना अख्ख्या गावाला उद्देशून, आणि बीसीसी असेल तर नावच नाही.

नाव जुळलं नाही की पत्र पोस्टमास्तरकडे. ती शेवटची ओळ. पोस्टमास्तर मी.

एका मंगळवारी असंच एक पत्र आलं. दुसऱ्या एका कंपनीने निवडक उमेदवारांना बीसीसीने धाडलेलं, शनिवारी सकाळी अकराला मुलाखत. आमच्यातल्याच कुणाला तरी होतं. कुणाला, ते पाकिटाबरोबर गेलेलं. सगळ्यांना पुढे पाठवावं तर साहेबही त्यात. "मेल जरा गंडलीय, कुणाची महत्त्वाची यायची असेल तर सांगा," असं तीनदा ओरडून पाहिलं. कोण बोलणार?

शनिवारी अकराला नऊच्या नऊ जण जागेवर होतो.

सोमवारी होस्टिंगवाल्याच्या मागे लागून प्रत्येक मेलमध्ये पाकिटावरचा पत्ता उतरवायची सोय करून घेतली.